मुलाचा जबाब कसा घ्यावा, कसा घेऊ नये: पोक्सो प्रकरणांबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोक्सो म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा. बाललैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत दुसरा साक्षीदार नसतो आणि अंगावर खुणाही अनेकदा नसतात. पुरावा म्हणजे मुलाचे शब्द. ते शब्द पहिल्या काही तासांत मोठ्या माणसांच्या प्रश्नांनी बिघडले, तर पुढे कितीही चांगला वकील दिला तरी ते दुरुस्त होत नाहीत. पालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, तपास अधिकारी आणि खटल्यात मुलाला साथ देणाऱ्या सहायक व्यक्ती यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मुलाने आत्ताच मला काहीतरी सांगितलं. मी किती विचारू?

कमीत कमी. तुम्हाला तीनच गोष्टी कळायला हव्यात: मूल आत्ता सुरक्षित आहे का, त्याला लगेच डॉक्टरची गरज आहे का, आणि तक्रार देण्यापुरतं काय घडलं. मूल बोलत असेल तर बोलू द्या. थांबलं तर "मग?" किंवा "अजून सांगायचंय का?" एवढंच म्हणा. तपशील खणून काढणं तुमचं काम नाही.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. "तू मला सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" हे मात्र जरूर सांगा. चेहऱ्यावर धक्का किंवा राग दिसू देऊ नका. मुलं मोठ्यांचा चेहरा वाचतात आणि आई रडायला लागली की पुढचं गिळून टाकतात.

नंतर, शक्यतो तासाभरात, वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, कुठे बसला होतात, मूल त्याआधी काय करत होतं, तुम्ही नेमकं काय विचारलंत आणि मूल काय म्हणालं. मुलाचा शब्द जसाच्या तसा. ही वही पुढे फार उपयोगी पडते, कारण मुलाने आपण होऊन सांगितलं की विचारून विचारून वदवून घेतलं, हा प्रश्न न्यायालयात हमखास येतो.

मोबाइलवर चित्रीकरण करू नका. कॅमेरा समोर धरला की घरची माणसं नकळत "सांग ना, त्या दिवशी काकांनी काय केलं ते" असं म्हणतात, आणि मग तोच व्हिडिओ आरोपीच्या वकिलाच्या कामी येतो. शिवाय तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला तर मुलाची ओळख उघड होते.

शाळेने किंवा वसतिगृहाने आधी स्वतः चौकशी करून खात्री करावी का?

नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा नुसती आशंका असली तरी ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. खात्री करणं हे तपासाचं काम आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला १ वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. महाराष्ट्रातल्याच शंकर किसनराव खाडे (२०१३) आणि महाराष्ट्र शासन विरुद्ध मारोती (२०२२) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी ठणकावून सांगितली आहे. दुसरा खटला चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहातल्या मुलींचा होता आणि न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता.

शाळेतल्या अंतर्गत चौकशीत जे घडतं त्याने प्रकरणाचं सर्वाधिक नुकसान होतं. मुख्याध्यापक मुलीला ऑफिसात बोलावतात, ज्याच्यावर आरोप आहे त्या शिक्षकालाही बोलावतात आणि "आता समोरासमोर सांग" म्हणतात. आठ वर्षांचं मूल अशा वेळी मान खाली घालून "काही नाही झालं" म्हणतं. तो नकार लेखी नोंदला जातो आणि खटल्यात तोच पुढे येतो. चाइल्डलाइन १०९८ किंवा ११२ वर फोन करा. पोलीस नोंद घेत नसतील तर गुन्हा न नोंदवणं हासुद्धा कलम २१ खालचा गुन्हा आहे, हे त्यांना शांतपणे सांगा.

फॉरेन्सिक मुलाखत म्हणजे काय? समुपदेशकाने बोललं तर चालत नाही का?

समुपदेशकाचं काम मुलाला बरं वाटावं हे. फॉरेन्सिक मुलाखतीचं काम, मुलाला जेवढं आठवतं तेवढं, त्याच्याच शब्दांत, बाहेरून काही न मिसळता नोंदवून घेणं. समुपदेशक "असं झालं तर राग येणारच" असं म्हणू शकतो, मुलाखत घेणाऱ्याने म्हणू नये, कारण "असं झालं" हे अजून मुलाने सांगितलेलं नसतं. म्हणून एकाच व्यक्तीने दोन्ही कामं करू नयेत.

या पद्धतीचा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला आराखडा म्हणजे एनआयसीएचडी प्रोटोकॉल, अमेरिकेतल्या राष्ट्रीय बाल आरोग्य संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा. मायकेल लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अमेरिकेत तयार केला. त्यामागचं निरीक्षण साधं आहे: मोकळ्या प्रश्नाला मूल जे सांगतं ते जास्त तपशीलवार आणि जास्त अचूक असतं. 'हो-नाही'च्या प्रश्नांनी चुका वाढतात, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत.

भारतात ही मुलाखत घेतं कोण?

आपल्याकडे स्वतंत्र फॉरेन्सिक मुलाखतकार असं पद नाही. मूल पोलिसांना सांगतं, डॉक्टरला सांगतं, अनेकदा बालकल्याण समितीला सांगतं, मॅजिस्ट्रेटला सांगतं आणि शेवटी विशेष न्यायालयात सांगतं. अमेरिकेत १९८५ साली अलाबामातल्या हंट्सव्हिलला, आणि आइसलँडमध्ये १९९८ पासून 'बार्नाहूस' म्हणून, एकाच घरासारख्या ठिकाणी एकदाच मुलाखत घेऊन पोलीस, डॉक्टर, वकील सगळ्यांनी तीच वापरायची व्यवस्था उभी राहिली. आपला कायदा तिथवर गेलेला नाही. तरीही प्रत्येक टप्प्यावर कमी आणि नीट विचारणं हे आपल्या हातात आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम मुलांशी अशा संवादाचं प्रशिक्षण देतो.

डॉक्टरला घटनेची माहिती उपचारापुरती आणि नमुने कुठून घ्यायचे हे ठरवण्यापुरती लागते. पुन्हा पूर्ण कहाणी वदवून घेण्याची गरज नसते. घटना ताजी असेल तर तपासणीआधी आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत नमुने घेतले जातात, पण एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. एफआयआर नोंदला नसला तरी तपासणी होते.

पोलिसांनी जबाब कुठे आणि कसा घ्यायचा?

पोक्सोच्या कलम २४ प्रमाणे मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नसताना. आरोपीशी मुलाची गाठ पडता कामा नये. कोणत्याही मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही.

घर नेहमीच योग्य नसतं. आरोपी त्याच घरातला असेल, किंवा चाळीत दाराबाहेर शेजारी उभे असतील, तर मूल बोलणार नाही. मग मावशीचं घर, संस्थेची शांत खोली, असं काही शोधा. खोलीत खेळण्यांचा ढीग नको, लक्ष तिकडेच जातं. कागद आणि दोन-चार खडू पुरे. टीव्ही बंद, मोबाइल बंद. मूल जेवलेलं असावं, झोपेच्या वेळेत नसावं, शू करून आलेलं असावं. पाच वर्षांचं मूल वीस मिनिटांनंतर थकतं आणि थकलेलं मूल कशालाही 'हो' म्हणतं.

मुलाखतीचे टप्पे कोणते?

आधी ओळख. "माझं नाव अमुक. मुलांशी बोलणं हे माझं काम आहे. तू सांगशील ते विसरायला नको म्हणून हे यंत्र चालू आहे."

मग नियम, आणि नुसते सांगून नव्हे, करून बघून. "माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. सांग बघू, माझ्या भाच्याचं नाव काय?" मुलाने "माहीत नाही" म्हटलं की "बरोबर, तुला कसं माहीत असणार?" अशी दाद द्या. दुसरा नियम: मी चुकलो तर मला दुरुस्त कर. सहा वर्षांच्या मुलीला "तू बारा वर्षांची आहेस ना?" असं विचारून बघा. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलू नये हे मुलांना पक्कं शिकवलेलं असतं, त्यामुळे हा नियम दोन-तीनदा करून घ्यावा लागतो. तिसरा: प्रश्न कळला नाही तर सांग. चौथा: खरंच घडलं तेवढंच सांगायचं.

त्यानंतर सराव. हा टप्पा वेळ नाही म्हणून गाळला जातो, आणि तिथेच मुलाखत फसते. घटनेशी संबंध नसलेला एखादा ताजा प्रसंग घ्या: वाढदिवस, गणपती आणायला गेलात तो दिवस, किंवा नुसती आजची सकाळ. "उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय झालं ते सगळं सांग." मूल म्हणेल, "दात घासले, आलो." "दात घासल्यावर काय झालं, ते सांग." पाच-सात मिनिटं हे केलं की मुलाला कळतं, इथे उत्तर एका शब्दात द्यायचं नाही, आणि या माणसाला खरंच ऐकायचंय. तुम्हालाही मुलाची भाषा, त्याचा वेग, त्याचे शब्द कळतात.

आता विषयाकडे. "आज तू माझ्याशी कशाबद्दल बोलायला आलीस?" बहुतेक मुलांना ते माहीत असतं. नसेल, तर हळूहळू पुढे: "तू बाईंना काहीतरी सांगितलंस असं मला कळलं. काय सांगितलंस?" आरोपीचं नाव किंवा कृत्य तुमच्या तोंडून आधी येता कामा नये.

मूल बोलू लागलं की "सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांग", "मग काय झालं?" आणि मुलाच्याच शब्दाला धरून "तू म्हणालीस त्याने कडी लावली. कडी लावल्यावर काय झालं ते सांग." मध्ये शांतता आली तर दहा सेकंद गप्प बसा. ते फार अवघड जातं, पण मूल त्याच वेळात आठवत असतं.

कुठे, कोण, कशाने हे प्रश्न त्यानंतर, आणि उरलेलेच. 'हो-नाही'चा प्रश्न अगदी शेवटी, आणि उत्तर आलं की लगेच "त्याबद्दल सांग" असं उघडं करा. शेवट नेहमीच्या विषयावर: आता इथून कुठे जाणार, संध्याकाळी काय खेळणार. रडवून सोडू नका. "अजून काही सांगायचंय? तुला मला काही विचारायचंय?" हे विचारायला विसरू नका.

कोणते प्रश्न घातक ठरतात?

"काकांनी तुला तिथे हात लावला ना?" यात माणूस, कृत्य आणि जागा तिन्ही तुम्हीच दिलीत. "बाहेर लावला की आत?" यात तिसरी शक्यता बंद होते. "तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न कधीच विचारू नका, 'का' म्हटलं की मुलाला तो ठपका वाटतो. "नीट आठव, मघाशी वेगळं म्हणालीस" असं म्हटलं की मूल उत्तर बदलतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर मुलाला वाटतं पहिलं उत्तर चुकलं, शाळेत तसंच असतं. "खरं सांगितलंस तर चॉकलेट" आणि "सांगितल्याशिवाय घरी सोडणार नाही" दोन्ही सारखेच वाईट.

मराठीतल्या काही जागा खास जपाव्या लागतात. "त्यांनी माझी चड्डी काढली" यात 'त्यांनी' म्हणजे एक मोठा माणूस की अनेक? शिक्षकांबद्दल मूल आदराने 'त्यांनी'च म्हणतं. एफआयआरमध्ये एकाचे तिघे होऊ शकतात. विचारा: "तेव्हा तिथे कोण कोण होतं?" तसंच 'काका'. रिक्षावाले काका, वॉचमन काका, सख्खे काका, दुकानातले काका. "काकांना सगळे काय म्हणतात? ते कुठे राहतात?" हे विचारल्याशिवाय नाव लिहू नका. लहान मुलांसाठी 'काल' म्हणजे मागचा कुठलाही दिवस असतो आणि 'परवा' तर मोठ्यांच्या बोलण्यातही दोन्हीकडे जातो. वेळ हवी असेल तर शाळा, सुट्टी, पाऊस, दिवाळीचा किल्ला यांना धरून विचारा.

"किती वेळा झालं?" हे विचारायचं नाही का?

मोजून सांगा असं नाही. महिनोन्‌महिने चाललेल्या गोष्टी मुलाच्या आठवणीत एकमेकींत मिसळतात. दहा सांगितलं आणि मॅजिस्ट्रेटसमोर पंधरा सांगितलं की ती विसंगती ठरते. "एकदाच झालं की जास्त वेळा?" एवढं विचारा. जास्त वेळा असेल तर "शेवटच्या वेळचं सगळं सांग", मग "पहिल्यांदाचं", मग "तुला सगळ्यात नीट आठवतं ते". प्रत्येक प्रसंगाला मुलाच्या शब्दांत नाव द्या, 'गच्चीवरचं', 'लाइट गेले होते तेव्हाचं', म्हणजे नोंदीत ते वेगळे राहतात.

बाहुल्या किंवा शरीराची चित्रं वापरावीत का?

अवयव असलेल्या बाहुल्या लहान मुलांसोबत टाळाव्यात. मूल त्यांच्याशी खेळतं, बोटं घालून बघतं, आणि बघणारा त्याला पुरावा समजतो. शरीराची रेखाकृती चालेल, पण मुलाने तोंडी सांगून झाल्यावर, नेमकी जागा कळावी यासाठीच.

आई सोबत बसू शकते का?

कलम २६ प्रमाणे जबाब आई-वडिलांच्या किंवा मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. ती व्यक्ती कोण, हे मुलाला विचारा. काही मुलींना आईसमोर सांगणं जास्त कठीण जातं, आणि आरोपी नवऱ्याकडचा असला तर आईवर स्वतःचं दडपण असतं. सोबतच्या व्यक्तीला मुलाच्या थोडं मागे बसवा, आणि आधीच स्पष्ट करा: बोलायचं नाही, मान हलवायची नाही, आठवण करून द्यायची नाही.

बालकल्याण समितीकडून सहायक व्यक्ती, म्हणजे सगळे जिला सपोर्ट पर्सन म्हणतात ती, मागून घ्या. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत तिची भूमिका दिली आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मदत मुलांपर्यंत पोहोचावी म्हणून निर्देश दिले आहेत. तपासापासून खटल्याच्या शेवटापर्यंत ती मुलासोबत असते.

जबाब लिहून घेताना काय बिघडतं?

भाषा. सात वर्षांच्या मुलीच्या जबाबात "विचारल्यावरून लिहून देते की, सदर इसमाने माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले" असं वाक्य असतं. हे तिचं नाही, हे बघताच कळतं. उलटतपासणीत तिला विचारलं जातं, "लज्जा म्हणजे काय?" ती गप्प राहते, आणि जबाब पढवलेला असल्याचा मुद्दा तयार होतो. तिने "शूच्या जागी" म्हटलं असेल तर तेच लिहा. मग स्वतंत्र प्रश्न विचारून ती जागा कोणती हे तिच्याकडूनच नोंदवा, 'गुप्तांग' असा अनुवाद करू नका. तिने अहिराणीत, कोकणीत किंवा गोंडीत सांगितलं असेल तर मूळ शब्द लिहा, गरज असेल तर दुभाषी घ्या. तो आरोपीच्या गावचा नातलग नाही ना, हे तपासा.

दुसरी चूक, फक्त उत्तरं लिहिणं. प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहा. तिसरी, मुलाने न सांगितलेल्या जागा भरून काढणं: एफआयआरमध्ये तारीख आहे म्हणून जबाबातही तीच तारीख. चौथी, गप्प राहिलं, रडलं, पाणी मागितलं, हे न लिहिणं. शक्य असेल तिथे दृकश्राव्य नोंद करा असं कलम २६ सांगतंच. करत असाल तर सुरुवातीपासून करा. सराव आणि नियम कॅमेऱ्यात नसले तर, आधी काय शिकवलं, हा संशय राहतो.

मूल बोलतच नाही, किंवा आधी सांगितलं आणि आता नाही म्हणतं. मग खोटं होतं का?

उशिरा सांगणं, तुकड्यांत सांगणं आणि सांगून माघार घेणं हे या प्रकरणांत नेहमी दिसतं. धमकी असते, घरचा कमावता माणूस तुरुंगात जाण्याची भीती असते, आजी रोज रडत असते. रडलं नाही म्हणून काही घडलं नाही असाही अर्थ काढू नका. न बोलणाऱ्या मुलावर प्रश्नांचा दाब वाढवू नका. सराव आणि ओळखीला जास्त वेळ द्या, थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. माघार घेतल्यावर चौकशी मुलाची नको: गेल्या आठवड्यात त्याला कोण भेटलं, ते कुठे राहायला गेलं, हे बघा.

मुलं मनाने रचून सांगत नाहीत का?

मुलाला भलतं सांगायला लावता येतं, हे खरं आहे, आणि म्हणूनच ही सगळी शिस्त. कॅलिफोर्नियातलं मॅकमार्टिन बालवाडी प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्यात बाहुल्या, सूचक प्रश्न, "बाकीच्यांनी तर सांगितलं" असा दबाव. १९९० मध्ये खटला एकाही दोषसिद्धीविना संपला. वाईट मुलाखत निर्दोष माणसाला अडकवू शकते आणि खऱ्या गुन्हेगाराला सोडवू शकते.

आपलं कायद्याचं धोरण मुलावर अविश्वासाचं नाही. साक्षीसाठी किमान वय नाही, प्रश्न समजून उत्तर देता येणं पुरेसं आहे. दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र शासन (१९९७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बालसाक्षीदाराची साक्ष विश्वसनीय असेल तर एकट्या तिच्यावरही दोषसिद्धी होऊ शकते.

मूल दिव्यांग असेल तर?

विशेष शिक्षक, सांकेतिक भाषेचा जाणकार किंवा मुलाची संवादाची पद्धत ओळखणारी व्यक्ती सोबत घ्या. मूल चित्रफळा, म्हणजे चित्रांवर बोट ठेवून बोलायचा फळा, वापरत असेल तर त्यावर लैंगिक अवयव आणि 'नाही' ही चिन्हं आहेत का, ते आधी बघा. नसतील तर मूल सांगणार कसं? तात्पुरत्या किंवा कायमच्या अपंगत्वाच्या बाबतीत मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब सरतपासणीच्या, म्हणजे न्यायालयात आपल्या बाजूच्या वकिलाने आधी घ्यायच्या साक्षीच्या, जागी धरला जातो, त्यामुळे तो जास्त काळजीने घ्यावा.

मॅजिस्ट्रेटसमोर सांगून झालं. न्यायालयात पुन्हा का?

१ जुलै २०२४ पासून हा जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो, आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४ होतं. मूल सांगेल तसा लिहायचा आणि आरोपीचा वकील हजर नसतो. पण तो मूळ पुरावा नव्हे. साक्षीला पुष्टी देण्यासाठी किंवा विसंगती दाखवण्यासाठी तो वापरतात, म्हणून साक्ष द्यावीच लागते. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत ती नोंदवावी असं पोक्सोचं कलम ३५ सांगतं. प्रत्यक्षात उशीर होतो, आणि मुलाची आठवण तेवढा काळ थांबत नाही.

साक्षीसाठी मुलाची तयारी करणं म्हणजे पढवणं नाही का?

काय सांगायचं हे शिकवलं तर ते पढवणं. कुठे बसायचं, कोण काय विचारणार, पाणी कसं मागायचं, हे दाखवलं तर ती तयारी. साक्षीच्या आधी एकदा रिकामं न्यायालय दाखवा. मुलाला सांगा की वकील थेट विचारणार नाहीत, न्यायाधीश विचारतील (कलम ३३), मधे थांबता येईल, आणि आरोपी दिसणार नाही (कलम ३६): पडदा, एकतर्फी काच किंवा व्हिडिओ जोडणी असेल. महाराष्ट्रातूनच गेलेल्या स्मृती बडदे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात मुलांसारख्या असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्ष केंद्रं उभारण्याचे निर्देश दिले. तुमच्या जिल्ह्यात ते आहे का आणि चालू आहे का, हे सरकारी वकिलांना आधी विचारा. नसेल तर पडद्याची मागणी लेखी अर्जाने करा, साक्षीच्या सकाळी तोंडी नव्हे. बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं असतं हे कळत असेल पण शपथेचा अर्थ कळत नसेल, तर शपथेशिवायही साक्ष घेता येते. मुलाचा जुना जबाब घरी पुन्हा पुन्हा वाचून पाठ करून घेऊ नका. साक्षीच्या दिवशी मुलाचा डबा, आवडती एखादी वस्तू आणि सहायक व्यक्तीचा फोन नंबर सोबत ठेवा. प्रकरण सकाळी अकराला लागलेलं असलं तरी दुपार होऊ शकते, तोवर मुलाला बाहेरच्या बाकावर आरोपीच्या नातलगांसमोर बसवू नका. प्रतीक्षेसाठी वेगळी खोली मागा.